एमपीटी मस्क्युलोस्केलेटल: नागपुरात शिकू पाहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीपीटीची, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीची, इंटर्नशिप संपत आली की एमपीटीबद्दल, म्हणजे त्यापुढच्या पदव्युत्तर पदवीबद्दल, हे प्रश्न सुरू होतात. काही विद्यार्थ्यांचे असतात, काही त्यांच्या आईवडिलांचे. खालची उत्तरं शिकवणाऱ्याच्या बाजूने, विदर्भातल्या ओपीडीचा अनुभव धरून लिहिली आहेत.

या एमपीटीत नेमकं काय शिकायचं असतं?

स्नायू, सांधे, हाडं, टेंडन, लिगामेंट आणि त्यांच्या आजूबाजूने जाणाऱ्या नसा यांच्या तक्रारी तपासायच्या, दुखणं कुठून येतंय ते शोधायचं, उपचार करायचे आणि ते लागू पडतायत का हे मोजायचं. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. बोलताना बरेच जण अजून ‘ऑर्थो फिजिओ’ असंच म्हणतात. रोजच्या ओपीडीत कंबर, मान, गुडघा, फ्रोझन शोल्डर (आखडलेला खांदा), टाचदुखी, प्लास्टर काढल्यावर आखडलेलं कोपर आणि गुडघा बदलल्यानंतरचे पेशंट असतात. आजारांची यादी पाहून हे सोपं वाटतं. अवघड भाग असा, की एकाच नावाच्या दुखण्यामागे दोन पेशंटमध्ये दोन वेगळी कारणं निघतात.

बीपीटीत हे सगळं शिकलोच की. मग पुन्हा दोन वर्षं कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. सांध्यांची रेंज मोजणं, स्नायूची ताकद पाहणं, मशीन लावणं, व्यायाम शिकवणं हे बीपीटी झालेल्याला येतं. पण काय करायचं, कोणासाठी, किती आणि कधी थांबायचं, ही निवड करायला वेळ आणि देखरेख लागते.

एक उदाहरण घ्या. पन्नाशीच्या बाई येतात. खांदा दुखतो, वेणी घालता येत नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. बीपीटीचा इंटर्न बहुतेक वेळा खांद्याला शेक देतो आणि पुली, वँडसारखे व्यायाम सुरू करतो. एमपीटीच्या विद्यार्थ्याने आधी मान तपासायला हवी, कारण मानेतल्या नसेचं दुखणं खांद्यावर येतं. मग हात बाहेरच्या बाजूला वळवायला सांगायचा, आणि तीच हालचाल स्वतःच्या हाताने करून पाहायची. बाईंना जमत नाही आणि तुम्ही केलं तरी सांधा पुढे जात नाही, असं असेल तर कॅप्सूल (सांध्याभोवतीचं आवरण) आखडल्याची शंका धरायची. तुम्ही केलं की हात जातो पण त्यांना स्वतःहून नेता येत नाही, असं असेल तर रोटेटर कफकडे (खांदा फिरवणाऱ्या स्नायूंकडे) पाहायचं. फ्रोझन शोल्डरची शंका आली तर साखर कधी तपासली होती हे विचारायचं, कारण मधुमेह असलेल्यांत हे दुखणं जास्त दिसतं. साखर तपासलीच नसेल तर तपासून घ्यायला सांगायचं. कधी कधी घरात मधुमेह आहे हे असं खांद्याच्या निमित्ताने कळतं.

एवढा विचार पहिल्या अर्ध्या तासात व्हायला हवा. तो सवयीचा होईपर्यंत कोणीतरी शेजारी उभं राहून ‘हे का केलंस?’ असं विचारत राहावं लागतं. ही दोन वर्षं त्यासाठी आहेत.

प्रवेश कसा मिळतो?

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक या विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांसाठी राज्य सीईटी कक्षाची पदव्युत्तर फिजिओथेरपी सीईटी द्यावी लागते. बीपीटी आणि इंटर्नशिप ठरलेल्या तारखेच्या आत पूर्ण व्हायला हवी. ही तारीख त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत असते, ती आधी वाचा. आरक्षणातून अर्ज करणार असाल तर जात वैधता आणि नॉन क्रीमी लेयर प्रमाणपत्राची तयारी परीक्षेच्या अभ्यासाबरोबरच सुरू करा. सीट कागदासाठी अडकली तर फार हळहळ वाटते.

वर्ध्याजवळच्या सावंगी मेघे इथलं विद्यापीठ अभिमत आहे, त्याची प्रवेशप्रक्रिया वेगळी. नागपूरचे बरेच विद्यार्थी तिथेही अर्ज करतात.

कॉलेज निवडताना काय पाहावं?

मस्क्युलोस्केलेटलच्या जागा आहेत का, हे आधी सीट मॅट्रिक्समध्ये (जागांच्या तक्त्यात) पाहा. त्यानंतर इमारत पाहू नका, ओपीडी पाहा. सकाळी दहाच्या सुमारास जा आणि शांतपणे बसा. किती पेशंट येतात, त्यातले किती पीजी विद्यार्थी स्वतः तपासतात, शिक्षक प्लिंथपाशी (पेशंट तपासायच्या टेबलापाशी) येतात की केबिनमध्ये असतात, हे तासाभरात दिसतं. ऑर्थोपेडिक विभागाशी कॉलेजचे संबंध कसे आहेत हे सीनियरना विचारा. वॉर्डात, प्लास्टर रूममध्ये, ऑपरेशननंतरच्या राउंडला पीजींना उभं राहू देतात का?

नागपूरला एक मोठा फायदा आहे. मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी रुग्णालयं, हिंगणा रोडवर डिगडोह इथलं लता मंगेशकर रुग्णालय, मिहानमधलं एम्स, शिवाय रामदासपेठ-धंतोलीतली ऑर्थोपेडिक हॉस्पिटलं. पेशंट नुसते नागपूरचे नसतात. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ आणि पलीकडून छिंदवाडा, शिवनी, बालाघाटहूनही येतात. भात रोवणारे, कापूस वेचणारे, कोळसा खाणीत डंपर चालवणारे आणि मिहानमध्ये दिवसभर लॅपटॉपसमोर बसणारे, असे सगळे एकाच रांगेत भेटतात. शिकणाऱ्याला याहून चांगली शाळा मिळणं कठीण.

स्पोर्ट्स घेऊ की मस्क्युलोस्केलेटल?

रोज मैदानावर उभं राहण्याची, संघाबरोबर फिरण्याची आवड असेल तर स्पोर्ट्स. क्लिनिक, हॉस्पिटल, शिकवणं यांकडे ओढ असेल तर मस्क्युलोस्केलेटल. दोन्हीकडे तपासणीचा पाया सारखाच आहे.

‘असेसमेंट शिकवतात’ म्हणजे काय शिकवतात?

सुरुवात विचारण्यापासून होते. नागपूरचा पेशंट सांगतो, ‘कंबर लय दुखून राह्यली जी, पायात चमक निघते.’ ही चमक कुठून निघून कुठपर्यंत जाते, बसल्यावर वाढते की चालल्यावर, खोकलताना येते का, सकाळी उठल्यावर आखडलेपण किती वेळ राहतं, हे त्याच्या शब्दांत लिहून घ्यायचं. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलँड यांनी यासाठी जी शिस्त घालून दिली ती आजही उपयोगी पडते. दुखणं किती तीव्र आहे, किती लवकर चाळवतं आणि चाळवलं की शांत व्हायला किती वेळ घेतं, हे हात लावण्याआधी कळलं पाहिजे. पाच मिनिटं भांडी घासली की ज्या बाईंचा हात रात्रभर ठणकतो, त्यांना पहिल्याच दिवशी सगळ्या चाचण्या करणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

मग तपासणी. त्यातून एखादी अशी हालचाल निवडायची जी दुखणं नेमकं दाखवते. समजा, वाकल्यावर बोटं गुडघ्याच्या खाली जात नाहीत. उपचाराचा एक भाग केला की पेशंटला उठवून पुन्हा वाकायला लावायचं. बोटं नडगीच्या मध्यापर्यंत गेली तर पुढे चला, फरक नसेल तर विचार बदला. ‘दहा दिवस या, मग बघू’ हे वाक्य पीजीच्या तोंडी शोभत नाही.

स्पेशल टेस्ट किती पाठ करायच्या?

नावं पाठ करण्यात फार वेळ घालवू नका. प्रत्येक टेस्टबद्दल दोन गोष्टी समजून घ्या: ती पॉझिटिव्ह आली तर आजार असण्याची खात्री किती वाढते, आणि निगेटिव्ह आली तर आजार नसल्याची खात्री किती. एसएलआरचं (झोपवून सरळ पाय वर उचलण्याच्या टेस्टचं) उदाहरण बोलकं आहे. डिस्कमुळे नस दाबली गेली असेल तर ती बहुधा पॉझिटिव्ह येते, पण पॉझिटिव्ह आली म्हणून डिस्कच आहे असं ठरत नाही. दुसऱ्या, न दुखणाऱ्या पायाची टेस्ट केल्यावर दुखऱ्या पायात चमक आली तर तिचं वजन खूप जास्त.

घोटा मुरगळून आलेल्यांसाठी कॅनडात १९९२ साली मांडलेले ओटावा नियम मात्र तोंडपाठ असू द्या. हाडावर ठरलेल्या जागी दाबून दुखतं का आणि पेशंट चार पावलं टाकू शकतो का, एवढ्यावर एक्स-रे हवा की नको याचा निर्णय बराचसा होतो.

रेड फ्लॅगवर, म्हणजे गंभीर आजाराच्या धोक्याच्या खुणांवर, इतका भर का?

कारण पेशंट आधी तुमच्याकडे येऊ शकतो आणि कधी कधी तुमच्याशिवाय कोणाकडे जातच नाही. लघवी अडकणं, बसायच्या जागी बधिरपणा, दोन्ही पायांतली ताकद जाणं ही लक्षणं पाठदुखीबरोबर दिसली तर मशीन बंद करून पेशंटला त्याच दिवशी हॉस्पिटलला पाठवायचं. हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. विदर्भात मात्र आणखी तीन गोष्टी डोक्यात ठेवाव्या लागतात. परदेशी पुस्तकांत त्या एखाद्या ओळीत उरकलेल्या असतात.

पहिली सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. तेव्हापासून हा आजार आपल्या भागाच्या वैद्यकाचा भाग आहे. २०२३ मध्ये देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाचं अभियानही सुरू झालं. विशीतला मुलगा लंगडत येतो, जांघेत दुखतं म्हणतो, कधी नुसता गुडघाच दुखतो म्हणतो. गुडघा तपासला तर काहीच सापडत नाही. खुबा आत वळवून पाहिला की तो अडतो आणि मुलगा कळवळतो. अशा वेळी घरात कोणाला सिकलसेल आहे का, हे विचारलंच पाहिजे. या आजारात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरू लागतं. सुरुवातीला एक्स-रे साफ दिसू शकतो, एमआरआयमध्ये कळतं. वेळेत ऑर्थोपेडिक सर्जनकडे गेला तर खुबा वाचवण्याची संधी असते. आणखी एक: सिकलसेलच्या पेशंटला बर्फ लावायचा नाही. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि वेदनेचा झटका येऊ शकतो. घोटा मुरगळला की बर्फाकडे आपला हात आपोआप जातो, तो इथे थांबवायचा.

दुसरी मणक्याचा टीबी. पाठ दुखते, विश्रांतीनेही थांबत नाही, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरलंय, मणक्यावर एकाच जागी बोटाने ठोकलं की दुखतं. अशा पाठीवर मॅनिप्युलेशन (हाताने झटका देऊन मणका हलवणं) करायला जाऊ नका, ट्रॅक्शन (ताण) लावू नका, आधी तपासण्या होऊ द्या.

तिसरी फ्लोरोसिस. चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षं ते पाणी पिऊन पाठीचा कणा आणि सांधे ताठ होतात, लिगामेंटमध्ये कॅल्शियम साचतं, आणि चित्र अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिससारखं (कणा ताठ करणाऱ्या संधिवातासारखं) दिसू लागतं. म्हणून गाव विचारा, पाणी कुठलं पिता विचारा, दात पाहा.

पेशंट एमआरआय घेऊन येतो आणि म्हणतो, ‘मणक्यात गॅप आहे.’ त्याला काय सांगायचं?

आधी त्याचं म्हणणं पूर्ण ऐका. त्या रिपोर्टमुळे त्याने वाकणं सोडलेलं असतं, शेतात जाणं सोडलेलं असतं, बायको बादली उचलू देत नाही. आणि भीतीने हालचाल कमी झाली की पाठ आणखी आखडते.

मग त्याला समजेल असं सांगा. १९९४ साली अमेरिकेत ९८ जणांचे एमआरआय काढले होते. त्यांच्यापैकी कोणाचीच पाठ दुखत नव्हती. तरी ५२ टक्क्यांच्या किमान एका डिस्कमध्ये फुगवटा होता. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात पाठ न दुखणाऱ्या विशीतल्या माणसांपैकी ३७ टक्क्यांच्या आणि ऐंशीतल्यांपैकी ९६ टक्क्यांच्या डिस्कमध्ये झीज दिसली. केस पांढरे व्हावेत तसंच हे. रिपोर्ट खोटा नसतो. त्यातली ओळ आणि आपल्या हाताला सापडलेलं लक्षण जुळतं का, एवढंच आपल्याला पाहायचं असतं. जुळत असेल, म्हणजे त्याच बाजूला, त्याच नसेच्या पट्ट्यात बधिरपणा असेल, अंगठा उचलण्याची ताकद कमी असेल, तर रिपोर्टला पूर्ण किंमत द्या. ताकद दिवसेंदिवस उतरत असेल तर सर्जनकडे पाठवायला उशीर करू नका.

‘काही नाही, सगळं ठीक आहे’ असं म्हणून मात्र त्याला उडवून लावू नका. त्याचं दुखणं खरं आहे.

मेटलँड, मुलिगन, मॅकेन्झी, काल्टेनबॉर्न. हाताने आणि हालचालींनी उपचार करण्याच्या या पद्धतींपैकी सगळ्यात चांगली कोणती?

तपासणी नीट झाली तर हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. वाकून दुखणं वाढतं, मागे झुकल्यावर पायातलं दुखणं वर सरकत कंबरेशी येतं, असा पेशंट मॅकेन्झी पद्धतीला चांगला प्रतिसाद देतो. ही पद्धत सापडली तीही लक्ष देऊन पाहण्यातूनच. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेन्झी यांचा एक पेशंट डोक्याकडचा भाग वर केलेल्या टेबलावर चुकून पालथा झोपून राहिला. पाठ ताणलेल्या त्या अवस्थेत त्याचं पायातलं दुखणं गेलं. मॅकेन्झींनी तो योगायोग म्हणून सोडून दिला नाही.

हालचाल करतानाच सांध्याला योग्य दिशेने हलका आधार दिला आणि दुखणं लगेच थांबलं, तर मुलिगन. सांधा दुखरा आणि चटकन चाळवणारा असेल तर मेटलँडच्या पहिल्या-दुसऱ्या ग्रेडने (हाताने सांधा हलवण्याच्या हलक्या पातळ्यांनी) सुरुवात करा. दुखणं कमी आणि आखडलेपण जास्त असेल तर तिसरी-चौथी. एकाच पद्धतीचे भक्त होऊ नका, पण प्रत्येक पद्धत हाताला नीट बसेपर्यंत ती सोडूही नका.

मुलींच्या हातात मॅन्युअल थेरपीसाठी (हाताने सांधे हलवून करायच्या उपचारांसाठी) पुरेशी ताकद नसते, हे खरं आहे का?

नाही. प्लिंथची उंची, पायांची ठेवण, स्वतःच्या शरीराचं वजन आणि बेल्टचा वापर यावर सांधा हलतो. बळ वापरणाऱ्याचे अंगठे आधी दुखायला लागतात. प्लिंथ खाली-वर होणारी नसेल तर पायाखाली लाकडी फळी ठेवा, पण वाकून काम करू नका. पेशंटची कंबर सांभाळणाऱ्याने स्वतःचीही सांभाळायला हवी.

मशीनचं काय? पेशंटला तर ‘शेक’ हवाच असतो.

उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी अल्ट्रासाउंड आणि टेन्स, आयएफटी ही विजेची मशीनं देऊ नका असं सांगितलं आणि २०२२ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठीही इलेक्ट्रोथेरपीला नकार दिला. तरीही आपल्याकडे क्लिनिकची पाटी मशीनच्या नावांनी भरलेली असते. पंधरा मिनिटांच्या शेकाने पेशंटला बरं वाटत असेल तर तो द्यायला हरकत नाही, पण त्याला उपचार समजू नका, आणि त्या पंधरा मिनिटांत स्वतः मोबाइल पाहत बसू नका.

मग व्यायाम किती आणि कसा द्यायचा?

औषधासारखा, मात्रा ठरवून. टाचेमागच्या टेंडनच्या दुखण्यासाठी स्वीडनच्या अल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला कार्यक्रम पाहा. दोन प्रकारे टाच खाली सोडायची, प्रत्येकी १५ चे तीन सेट, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. रोजचे १८० होतात. ‘थोडं थोडं करत जा’ या सल्ल्यात आणि यात किती अंतर आहे, ते पाहा.

पण मात्रा पेशंटच्या दिवसात बसली पाहिजे. रोवणीच्या दिवसांत भंडाऱ्याच्या बाईंना सकाळी अर्धा तास मिळणार नाही. त्यांना दोनच व्यायाम द्या, बांधावर उभं राहून करता येतील असे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना साठीच्या आजोबांना दुपारी चालायला पाठवू नका. पहाटेची वेळ ठरवून द्या. कागदावर चित्र काढून द्या, पुढच्या वेळी करून दाखवायला सांगा. निम्मे पेशंट व्यायाम करत नाहीत अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा ते त्यांना नीट शिकवले होते का, हेही पाहायला हवं.

इंग्रजी प्रश्नावल्या आपल्या पेशंटला कशा लावायच्या?

मराठीत रीतसर तपासून घेतलेली आवृत्ती असेल तर तीच वापरा, ऐनवेळी मनाने भाषांतर करू नका. कंबरदुखीसाठीच्या ऑस्वेस्ट्री प्रश्नावलीत दहा विभाग आहेत. त्यातला लैंगिक जीवनाचा प्रश्न आपल्याकडच्या वयस्कर बाया बहुतेक रिकामा सोडतात. त्यांना अवघडवू नका. उत्तर दिलेल्या विभागांवरच टक्केवारी काढता येते. गुडघ्यासाठीच्या वोमॅक प्रश्नावलीमध्ये मांडी घालून बसणं नाही, आणि आपल्या पेशंटला नेमकं तेच हवं असतं: पंगतीत बसायचं असतं, पूजेला बसायचं असतं. म्हणून तिच्या जोडीला पेशंट-स्पेसिफिक फंक्शनल स्केल घ्या. पेशंट स्वतः तीन ते पाच कामं सांगतो आणि प्रत्येकाला शून्य ते दहा गुण देतो. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही हे तोंडी विचारता येतं.

डिझर्टेशनचा (एमपीटीच्या प्रबंधाचा) विषय कधी आणि कसा ठरवायचा?

पहिल्या काही महिन्यांतच. सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा), एथिक्स कमिटीची मंजुरी, आणि उपचारांची तुलना करणार असाल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर (देशातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी, या सगळ्यांना वेळ लागतो. विषय तुमच्या ओपीडीतून निवडा. जो पेशंट आठवड्याला एखादाच येतो, त्याच्यावर अभ्यास उभा करू नका.

‘दोन तंत्रांची तुलना’ या साच्यातून थोडं बाहेर पडा, अशी कळकळीची विनंती आहे. संत्रा तोडणाऱ्यांचे खांदे, डंपर चालकांच्या कंबरा, सिकलसेल असलेल्या तरुणांचे खुबे, शाळकरी मुलांच्या माना, इथे पाहण्यासारखं खूप आहे आणि पाहणारे थोडे आहेत. आकडे जसे येतील तसे लिहा. फरक आढळला नाही हाही निष्कर्ष असतो, आणि तो प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याबद्दल आम्हाला आदर वाटतो.

एमपीटीऐवजी वीकेंड कोर्सेस केले तर?

कोर्स चांगले असू शकतात, तंत्र शिकवतात. पण शनिवार-रविवारी तुम्ही एकमेकांच्या निरोगी खांद्यांवर सराव करता. सोमवारी समोर येणारा खांदा दुखरा असतो, त्यामागे मधुमेह असतो, घरची चिंता असते. एमपीटीच्या दुसऱ्या वर्षात, हाताखाली शंभरेक पेशंट गेल्यावर कोर्स करा. तेव्हा तो जास्त पचतो.

इंग्रजी कच्चं आहे. जमेल का?

जमेल. पुस्तकं आणि परीक्षा इंग्रजीत असतात, त्यामुळे वाचनाला सुरुवातीला दुप्पट वेळ लागेल, तो द्या. ओपीडीत मात्र वऱ्हाडी-झाडीबोली समजणारा विद्यार्थी दोन पावलं पुढे असतो. पेशंट त्याच्याशी मोकळं बोलतो आणि निम्मं निदान त्या बोलण्यातच असतं. हिंदीही बरी असू द्या.

पुढे नोकरी, क्लिनिक, पगार?

कॉलेजात शिकवण्यासाठी एमपीटी लागतेच. हॉस्पिटल, स्वतःचं क्लिनिक, पीएचडी हे रस्ते खुले आहेत. सुरुवातीचा पगार नागपुरात बेताचाच असतो, हे घरी आधीच सांगून ठेवा. प्रॅक्टिस करण्यासाठी महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी हवी. देशपातळीवर २०२१ चा संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदाही आला आहे, त्याखालच्या सूचनांवर लक्ष ठेवा.

प्रवेश पक्का झाला. पहिल्या दिवसाआधी काय करू?

शरीररचना पुन्हा वाचा, विशेषतः खांदा, खुबा, कणा आणि नसांचे मार्ग. गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन), मोजपट्टी, रिफ्लेक्स हॅमर स्वतःचे घ्या. एक जाड वही करा आणि तपासलेल्या प्रत्येक पेशंटची नोंद ठेवा, नाव न लिहिता: काय वाटलं, काय केलं, पुढच्या वेळी काय दिसलं. आणि नखं कापून या.